घोट उतरला का

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर रोज सिल्लोडहून एस.टी.नं येतात. माझा मराठीचा वर्ग त्यांच्या सातवीला लागून आहे, त्यामुळं त्यांचा आवाज भिंतीतून येतो. "विषाणू एकटा वाढत नाय. त्याला दुसऱ्याची जिवंत पेशी लागते. तिला म्हणायचं यजमान पेशी. लिहा." प्रत्येक व्याख्या ते दोनदा सांगतात. 'सुप्तकाल' मात्र एकदाच, तोही हळू आवाजात: विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ.

दिवाळीआधी बसस्टँडवर त्यांना कुत्रं चावलं. सगळी इंजेक्शनं त्यांनी वेळेवर घेतली. पण रेबीज झालेल्या माणसाला पाणी गिळता येत नाही, हे मुलांना शिकवणारे तेच. तेव्हापासून रोज सकाळी ते स्टाफरूममधल्या जारमधून ग्लास भरतात, माझ्यासमोर येऊन उभे राहतात आणि एक घोट घेतात.

"बघा बरं मॅडम, उतरला का नीट?"

"उतरला की, सर."

मग खडू उचलून वर्गावर जातात. बाकीचे शिक्षक हसतात. मला हसू येत नाही, कारण घोट उतरेपर्यंत सरांची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलत नाही.

मला कधी कुत्रं चावलेलं नाही. काल रविवारी घरी पाणी प्यायला घेतलं आणि ग्लास ओठांशीच थांबला. सासूबाई ओट्यापाशी भाजी निवडत होत्या.

"आई," मी म्हणाले, "जरा माझ्याकडं बघता का?"