नेहरू शर्टची उलटी पट्टी

पाशामियाँ टेलर डावखुरे आहेत, हे लोहारा गावात फार थोड्यांना माहीत होतं. उभा जन्म दुकानात काढलेल्या माणसाची एवढी उघडी गोष्ट झाकून कशी राहील, असं कुणालाही वाटेल. पण त्यांनी ती राखली होती. माप घेताना टेप उजव्या हातात, कापड द्यायचं-घ्यायचं उजव्या हाताने, आणि कात्रीला हात घालायचा तो गिऱ्हाईक पायरी उतरून गेल्यावर. दुकान नवं असताना एका मोठ्या घरच्या माणसाने त्यांना कापताना पाहिलं होतं. "लग्नाचं कापड हाय आन् उलट्या हातानं कापतोस व्हय रे?" असं म्हणून त्याने कापड गुंडाळलं आणि शेजारच्या दुकानात नेलं. तेव्हापासून पाशामियाँ लोकांसमोर कापत नसत.

सानिया ही त्यांची धाकटी मुलगी. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून ती पुण्यात काही दिवस व्हिडिओ एडिटिंगच्या कामाला होती. ते काम बंद पडलं तशी लॅपटॉप घेऊन घरी आली आणि म्हणाली, "अब्बा, तुमची शिलाई मी लोकांना शिकवते."

"आन् मी काय करू?"

"तुम्ही शिवा. मी नुसते हात दाखवते. चेहरा न्हाय."

चेहरा नाही म्हटल्यावर पाशामियाँ तयार झाले. शूटिंग दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून व्हायचं. बाहेर जीपवाले "उमरगा, उमरगा" ओरडत, त्यांचा आवाज व्हिडिओत शिरायचा. सानिया तो कापून काढायची आणि त्या जागी स्वतः बोलायची. पहिला व्हिडिओ तिने डेटा वाचावा म्हणून लहान आकारात एक्स्पोर्ट केला. तिच्या अम्मीने, शरिफाबीने, तो मोबाइलवर डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि विचारलं, "टाके कुठं हायत गं यात? सगळा भात शिजल्यावानी झालाय." मग सानियाने तो पुन्हा मोठ्या आकारात एक्स्पोर्ट केला. लॅपटॉपचा पंखा घरघरत राहिला. नंतर गच्चीवर, जिथं नेटवर्क बरं मिळतं तिथं, पाण्याच्या टाकीला टेकून तिने अपलोड केला. तो तिच्या पुण्यातल्या ओळखीच्या लोकांपलीकडं कुणी पाहिला नाही. ज्यांनी पाहिला, त्यातल्या एकीने खाली लिहिलं, "हात उलटा आहे, माझ्या लक्षात येत नाही."

हे सानियाच्या मनाला लागलं. पुढचा व्हिडिओ नेहरू शर्टच्या पट्टीचा होता. गळ्यापासून छातीपर्यंत जिच्यावर काजं आणि बटणं बसतात ती पट्टी. नवशिक्याचा हात नेमका तिथंच थरथरतो. सानियाने सगळं एडिटिंग झाल्यावर एक्स्पोर्ट करायच्या आधी चित्र आडवं उलटवलं. आरशात दिसतं तसं. एका क्लिकचं काम. अब्बांचा डावा हात उजवा झाला. टेपवरचे आकडे तेवढे उलटे दिसायला लागले, तर तिने ते तुकडे गाळले आणि तिथं मापं लिहून टाकली.

टाकण्याआधी तिने तो अब्बांना दाखवला. पाशामियाँनी पाहिला, परत पाहिला. पडद्यावर एक सराईत टेलर उजव्या हाताने सरसर कापड कापत होता.

"हा मी हाय?" त्यांनी विचारलं.

"दुसरं कोण?"

त्यांना तो व्हिडिओ फार आवडला. चहाच्या हॉटेलात, मशिदीच्या पायरीवर, जो भेटेल त्याच्यापुढं ते मोबाइल धरत. आणि काय झालं कोण जाणे, तो चालला. रोज आकडा वाढायचा. कुठून कुठून बायका लिहायच्या, मास्तर छान समजावतात, पहिल्यांदा पट्टी जमली. आता चॅनेल उभं राहील, परत पुण्याला जावं लागणार नाही, असं सानियाला वाटायला लागलं.

अशात एका सकाळी ईट गावाहून फोन आला. हर्षाली नावाची मुलगी होती, नुकतीच शिलाई शिकायला लागलेली.

"ताई, मी तुमचा व्हिडिओ बघून आमच्या बलभीम काकांना नेहरू शर्ट शिवला. अगदी तसाच, हुबेहूब. काका साखरपुड्याला घालून गेले, तर त्यांचे मेव्हणे भरल्या मांडवात म्हणाले, 'दाजी, आक्काचं झंपर घालून आलाव का?'"

"का बरं?"

"पट्टी बायकांच्या बाजूला आलीय, ताई. बटणं डावीकडं. काका लई चिडलेत."

सानिया म्हणाली, "तू उलटं धरलं असशील कापड." फोन ठेवला आणि दुकानात तयार टांगलेला एक नेहरू शर्ट काढून तिने स्वतःच्याच व्हिडिओशेजारी धरला. शर्टात काजाची पट्टी अंगात घालणाऱ्याच्या डाव्या बाजूने येऊन वर बसत होती, पुरुषाच्या कपड्याला बसावी तशी. व्हिडिओत ती उजवीकडून येत होती. हात उलटवताना तिने शर्टही उलटवला होता. लहानपणापासून काजं करत आलेली ती, पण त्या दिवशी तिचं लक्ष आकड्यांवर आणि आवाजावर होतं. शर्टाकडं तिने पाहिलंच नव्हतं.

आणि अब्बांनी? ते तर गिऱ्हाइकाला जन्मभर आरशातच बघत आलेले. त्यांना त्यात काही खटकलं नव्हतं. शिवाय ते शर्ट बघतच नव्हते. ते हात बघत होते.

दुपारी जेवताना तिने सगळं सांगितलं. पाशामियाँचा घास हातातच राहिला.

"किती लोकांनी बघितला म्हणालीस?"

तिने आकडा सांगितला.

"म्हंजे एवढ्या लोकांना पाशा टेलरनं गड्याच्या अंगात झंपर घालायला शिकवलं."

"खाली लिहून टाकते ना अब्बा, पट्टीची बाजू उलट समजा म्हणून."

"मी उलटा शिवलेला शर्ट दुकानात टांगतो आन् त्याला चिठ्ठी लावतो, सरळ समजा म्हणून. चालंल?"

सानिया म्हणाली, "एकदा टाकलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरा बसवता येत न्हाय. हा काढला की सगळं गेलं, परत शून्यापासून. आणि सरळ करून टाकला की..."

"की हात दिसणार."

"हौ. मी शिवते ना त्यापेक्षा. माझा हात उजवा हाय."

"दुकान कुणाच्या नावाचं हाय?"

एवढं विचारून ते हात धुवायला उठले. त्या दिवशी त्यांनी कुणाला मोबाइल दाखवला नाही. हॉटेलात एकाने आपण होऊन मागितला, तर चार्जिंग संपलंय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि सानियाला हाक मारली. "जुना काढून टाक. नवा कर. पण आधी मला दोन शब्द बोलू दे. चेहरा दाखव."

चेहऱ्याचं ऐकून शरिफाबी पण पोळ्या टाकून दुकानात आली. कॅमेरा सुरू झाला. पाशामियाँनी टोपी नीट केली. "सलाम, नमस्कार. माझा हात जरा... म्हंजे माझी पद्धत थोडी निराळी..."

"काय निराळी? चोरी केली का तुम्ही?" शरिफाबी म्हणाली. "सरळ बोला की."

"तू गप बस गे, आवाज येतोय तुझा."

सानियाने परत सुरू केलं. ह्या खेपेला ते कॅमेऱ्याकडं न बघता कात्रीकडं बघत बोलले, "मी डावखुरा हाय. आधीच्या व्हिडिओत पट्टी उलटी दाखवली गेली, ती चूक आमची. ज्यांचा शर्ट बिघडला त्यांनी दुकानात आणावा, मी सुधरून देतो."

सानियाने ते तसंच ठेवलं. बाकीचं चित्रण न उलटवता जोडलं, गाळलेले टेपचे तुकडे परत घातले, एक्स्पोर्ट केलं. मग गच्चीवर जाऊन आधी जुना व्हिडिओ काढला. 'कायमचा काढायचा का?' असं पडद्यावर आलं तेव्हा तिचं बोट घुटमळलं. बायकांच्या सगळ्या प्रतिक्रियाही जाणार होत्या. तिने 'हो' दाबलं आणि नवा चढवायला लावला. पहिली लिंक हर्षालीला पाठवली.

नवा व्हिडिओ जुन्यासारखा चालला नाही. हर्षालीने पट्टी उसवून परत बसवली आणि फोटो पाठवला. बलभीम काका अजून घुश्शातच होते, पण शर्ट त्यांच्या अंगात होता.

बाजाराच्या दिवशी सिद्धेश्वर गुरुजी दुकानात आले. निवृत्त शिक्षक, पाशामियाँचं पहिल्यापासूनचं गिऱ्हाईक.

"मास्तर, नातवानं दाखवलं मला. तुम्ही डावखुरे म्हणं?"

"व्हय, गुरुजी."

"मग आमचे कपडे आजवर कोणत्या हातानं कापलाव?"

"ह्याच."

गुरुजींनी अंगातल्या सदऱ्याच्या बाहीकडं पाहिलं, शिवण चिमटीत धरून पाहिली. मग पिशवीतलं कापड काढून टेबलावर ठेवलं आणि समोरच्या स्टुलावर बसले.

"कापा मग. मी बसतो. अन् ह्या खेपेला बाह्या जरा लांब ठेवा."