चिनी मातीच्या बायकांचं कुंकू

काल बाजारात ओल्या कुंकवाचा वास आला आणि सोलापुरातली ती दुपार आठवली. माझी विधवा थोरली बहीण, आक्का, बाईच्या मुखड्याच्या आकाराच्या चिनी मातीच्या फुलदाण्या जमवायची. चार होत्या. चौघींच्या कपाळांवर ती रोज कुंकू लावायची.

त्या दिवशी मला बघायला मुलीकडची माणसं दारात टांग्यातून उतरत होती. मी ओलं फडकं घेऊन घाईघाईनं कपाळं पुसू लागलो.

“आरं, त्यांचं नवरं जित्तं हायती की,” आक्का हसत म्हणाली.

“पाहुण्यांना कळलं तर? विधवेनं कुंकवाला हात लावलेला त्यांना चालायचा नाही.”

तिचं हसू मावळलं. “सर बाजूला. ऱ्हायलेल्या चौथीचं मी पुसते,” म्हणाली, आणि पदरानं पुसलंही.

पाहुणे आत आले. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे सांगायची आजही लाज वाटते.