आईच्या मागे लागलेलं विमान

नव्वदच्या दशकात मी अंबरनाथ पूर्वेला एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. वैमानिकाशिवाय उडणाऱ्या विमानाने जमिनीवरच्या गाडीचा पाठलाग कसा करायचा, याचा प्रोग्रॅम आम्ही लिहीत होतो. खरं विमान मी कधी पाहिलंच नाही. आमचं विमान म्हणजे कॉम्प्युटरवरचा हिरवा ठिपका, गाडी म्हणजे तांबडा. हिरवा तांबड्याच्या मागे इमानदारीत फिरायचा आणि मी खूश असायचे.

आमचे साहेब म्हणजे इथल्याच सरकारी शस्त्रास्त्रांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले अधिकारी. एकदा चाचणी बघून म्हणाले, "अगं, तुझी गाडी फारच शहाण्यासारखी वळते. खरा माणूस असा चालवतो का? खरी गाडी कशी फिरते, ते टिपून आण."

त्याच सुमारास माझ्या आईने पन्नाशीत स्कूटर शिकायचं मनावर घेतलं होतं. उल्हासनगरच्या एका शेठने "मावशी, एकदम मक्खन गाडी है" म्हणत जुनी स्कूटर तिच्या गळ्यात मारली होती. रविवारी ती चिखलोलीच्या माळावर सराव करायची. मी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या शेजाऱ्याचा कॅमेरा मागून आणला आणि माळालगतच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर चढून वरून तिचं शूटिंग केलं. घरी येऊन टीव्हीच्या काचेवर प्लास्टिकचा कागद चिकटवला, चित्र थांबवत थांबवत आई कुठे कुठे होती त्या खुणा केल्या आणि त्या कॉम्प्युटरला दिल्या.

गाडी ज्या दिशेने चाललीय त्याच दिशेने पुढे जाणार, असं आमचं विमान धरून चालायचं. आई मध्येच थांबली, दोन्ही पाय टेकले, स्कूटर फिरवली आणि आली तिकडेच परत निघाली. विमान सरळ गेलं ते पडद्याबाहेर. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

साहेब खुर्ची ओढून बसले. "कोण चालवतंय हे?"

"माझी आई."

त्यांनी तो तांबडा ठिपका पुन्हा एकदा पळवून बघितला. मग आदराने म्हणाले, "त्यांना एकदा घेऊन ये."

आई ठेवणीतली साडी नेसून आली. "हा तांबडा ठिपका मी? आणि हे मेलं माझ्या मागे का लागलंय?"

"तुम्हाला गाठायला बघतंय, वहिनी," साहेब म्हणाले. "पण तुम्ही काही सापडत नाही."

आई खुलली. पण बघता बघता तिचा चेहरा पडला. "अगं, मी उजवीकडे कधी वळतच नाही!"

खरंच होतं. उजवीकडे जायची वेळ आली की ती थांबून आख्खी स्कूटरच फिरवायची.

मी विमानाला शिकवलं, गाडी हरवली तर पुढे पळू नकोस, शेवटची दिसली तिथे घिरट्या घाल. मग आई त्याला सापडायला लागली. इकडे आईनेही उजव्या वळणाचा ध्यास घेतला. पुढच्या शूटिंगमध्ये तिने माळावर इंग्रजी आठचे सुबक आकडे काढले.

ते बघून साहेब हिरमुसले. "वहिनी शिकल्या वाटतं. तुमच्या घरात आणखी कोणी शिकणारं आहे का?"

"बाबा आहेत," मी म्हणाले. "पण ते मागे बसतात आणि डोळे मिटून घेतात."