भुजंग मिस्तरींची मागची बत्ती

भुजंग मिस्तरी झरीचे. घरची पाच-सहा एकर काळी जमीन भावाच्या हवाली करून ते परभणीला आले आणि दिनकररावांच्या जिनिंग कारखान्यात मिस्तरी झाले. काम कुठं शिकले, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. पूर्णेला रेल्वेच्या शेडात दोन वर्षं हमाली करताना बघून बघून शिकले, एवढं मला ठाऊक. अंगानं बारीक, डोक्याला पटका, बोलणं कमी. तार जोडताना मात्र तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. मी एकदा विचारलं, मिस्तरी, जप करता का? तर म्हणाले, "पिळे मोजायलोय. सांध्याला सात पिळे. सहाचा ढिला ऱ्हातो, आठचा तुटतो."

मी तिथंच डायवर होतो. कारखान्याची एक छोटी उघडी लॉरी होती, मागं लाकडी फळ्यांची. खेड्यांतून कापूस भरून आणायचा आणि अंगणात लॉरी मागं मागं घेत कापसाच्या गंजीला लावायची, हे माझं काम. सुगीत दिवस लहान. मी पोचेपर्यंत अंधारून यायचं आणि अंगण बैलगाड्यांनी भरलेलं असायचं. कापसाच्या अंगणात कंदील न्यायची सक्त मनाई. बिडीसुद्धा फाटकाबाहेर. मग मागून कोणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायचं आणि मी अंदाजानं घ्यायचो. एकदा माझ्या धक्क्यानं बोरी गावच्या एका बैलगाडीचं जू मोडलं. बैल थोडक्यात वाचला. दिनकरराव मला चार माणसांत बोलले.

भुजंग मिस्तरींनी ते मनावर घेतलं. मालकांना म्हणाले, "मालक, मोटारीला मागून बत्ती लावतो. काचेच्या आतली. आगीचं भ्या न्हाई."

त्या वेळी परभणीत मागं जायला बत्ती असलेली लॉरी मी तरी पाहिली नव्हती. मिस्तरींनी मोडीतला एक दिवा आणला, घासून लख्ख केला आणि मागच्या फळीखाली बसवला. बॅटरीपासून तार लॉरीच्या पोटाखालून नेली. गेअरच्या दांडीजवळ पितळेच्या दोन पट्ट्या अशा लावल्या, की दांडी मागच्या गेअरला गेली की पट्ट्या टेकायच्या आणि बत्ती आपोआप लागायची. मला बटणसुद्धा दाबायला नको. दिव्याच्या पाठीला तार आवळायचा पेच, म्हणजे स्क्रू, उघडा होता. त्यावर त्यांनी सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं.

"सुग्रीवा, ह्ये ध्यानात ठिव," ते म्हणाले. "बॅटरीतून तार एकच गेलीया. दुसरी तार म्हंजी मोटारीचं लोखंडच. ह्या पेचाला आन मोटारीला कशानं जोडलं, की संपलं. रबर काढू नको."

मी मान हलवली.

बत्तीचा गवगवा झाला. गाडीवाले गाड्या सोडून बघायला यायचे. एक म्हातारा म्हणाला, "आरं, मोटारीला ढुंगणावर डोळा फुटला की!" सगळे हसले. मिस्तरीही हसले, पण लाजून. मालकांनी त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, की सुगी संपली की इंजिनघर भुजंगच्या ताब्यात. मिस्तरींना आयुष्यात हवं होतं ते एवढंच. सगळा कारखाना फिरवणारं तिथलं इंजिन ते रोज खिडकीतून बघायचे.

चौथ्या दिवशी शनिवार आला. दर शनिवारी मी लॉरीला लिंबू, बिब्बा आणि मिरच्या बांधायचो. लोखंडी तारेत ओवून पुढं टांगायचो. त्या दिवशी मला वाटलं, सगळ्यांची नजर तर मागच्या बत्तीवर आहे. दृष्ट तिलाच लागणार. तर लिंबू तिथंच पाहिजे. टांगायला दुसरं काही नव्हतं, पेच तेवढा नीट होता. रबर पुढं येत होतं म्हणून मी ते काढलं, खिशात घातलं आणि तारेचे वेढे पेचाला दिले. उरलेलं टोक लोंबत होतं, ते फळी लॉरीच्या सांगाड्याला धरणाऱ्या लोखंडी कडीत अडकवलं. मिस्तरींचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण लिंबाच्या तारेचं त्यात काय, असं वाटलं.

संध्याकाळी अंगणात आलो. मागचा गेअर टाकला. बत्ती लागली नाही. मी तसाच घेत राहिलो. तेवढ्यात मागून आरडाओरड झाली. उतरून पळालो. लिंबाची तार लाल झाली होती आणि फळीतून बाहेर आलेला कापूस तिला लागून धुमसत होता. लोकांनी माती टाकली, पाणी टाकलं, कापूस ओढून काढला. मिस्तरींनी धावत येऊन बॅटरीची तार उपटली. आग गंजीपर्यंत गेली नाही. पण अर्धी लॉरी कापूस गेला.

त्या गर्दीत मी काडीनं ती तार ओढली आणि धोतराच्या सोग्यात घेतली. बोट भाजलं. लिंबाचा करपलेला वास येत होता. कुणी बघितलं नाही.

दिनकरराव आले. "मिस्तरी, माझा कारखाना पेटवायला ठेवलंय का तुला?"

मिस्तरी लॉरीखाली घुसले. तारेवरचं कापड करपलं होतं. सांधा त्यांनी चाचपून बघितला, परत बघितला. मग बाहेर येऊन मला हळूच विचारलं, "पेचावर रबर व्हतं ना रे?"

मी म्हणालो, "व्हतं."

रबर माझ्या खिशात होतं. नोकरीची भीती होती, हे खरं. मालक आधीच माझ्यावर नाराज होते, हेही खरं. पण भीती सगळ्यांनाच असते. मिस्तरींनाही होती. ते मालकांकडं वळून म्हणाले, "रबर व्हतं म्हंतोय. मंग माझ्याच हातचं चुकलं असंल, मालक."

"उद्यापासून अंगणात पाऊल टाकू नको."

त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. जाताना मला म्हणाले, "तुला काय झालं न्हाई ना?"

त्यानंतर आठ वर्षं मी तीच लॉरी चालवली. झरीच्या गाडीवाल्यांकडून कळायचं. मिस्तरी भावाच्या हाताखाली शेत करतात. पोरं त्यांना "बत्तीवाले" म्हणून चिडवतात. मी ऐकायचो आणि दुसरं काहीतरी बोलायचो. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्या सुगीत झरीचा एक गाडीवाला म्हणाला, "गावात हिरीवर पान्याचं इंजिन आलंय. बंद पडलं तर भुजंगाला बलिवलं. हात लावंना. म्हनला, माझ्या हातात आग हाय."

ते ऐकून मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी झरीला गेलो.

मिस्तरी ओट्यावर दोरी वळत बसले होते. त्यांच्या बायको बायनाबाई कापसातली कवडी, म्हणजे डागी कापूस, निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. लिंबू, तार, रबर, सगळं. सांगताना जमिनीकडं बघत होतो.

बायनाबाईंचे हात थांबले. "मंग त्या दिशी तोंडात काय मूग भरले व्हते का तुमच्या?"

त्यांनी हातातली कवडी खाली टाकली.

"आठ वर्सं ह्या मानसाला झोप न्हाई. आन तुमी मोटार फिरवायलाव!"

मिस्तरींनी त्यांना हातानं थांबवलं. "तार केवढी व्हती? जाड?"

"न्हाई मिस्तरी. बारीक."

"लोखंडी?"

"हां."

"मंग लाल व्हनारच की." ते एकदम सरळ बसले. "सांधा? माझा सांधा?"

"शाबूत व्हता. म्या तवाच बघितला."

त्यांनी दोरी बाजूला ठेवली. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुंटीवरचा पटका घेतला. "चल. मालकाला सांग. हेच सांग."

कापसाची एक गाडी परभणीला निघालीच होती. आम्ही दोघं तिच्यातल्या कापसावर बसून गेलो. वाटेत ते एकच बोलले, "सात पिळे दिलते म्या. पक्कं आठवायचं मला."

दिनकरराव गादीवर बसले होते. मी हात जोडून सगळं पुन्हा सांगितलं. मुनीम ऐकत होते, तोलणारे ऐकत होते. या खेपेला मी मान खाली घातली नाही. मालकांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कोणती आग? कोणता मिस्तरी?"

मिस्तरी माझ्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडं बोट केलं. मालकांनी त्यांना खालवर बघितलं. "असंल. एवढं जुनं काय उकरायलाव? काम पायजे का ह्याला? इंजिनघरात मानूस कमीच हाय. ये उद्यापासून."

मी मिस्तरींकडं बघितलं. मला वाटलं, झालं, मिळालं. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं, आणि त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

मिस्तरींनी दोन्ही हात पुढं करून बघितले. दोरी वळून तळवे फाटले होते. बोटं जाड झाली होती. "न्हाई मालक," ते म्हणाले. "हात ऱ्हायला न्हाई आता. बारीक तार सापडंना ह्याला."

रामराम करून ते बाहेर पडले. मी मागून गेलो. फाटकाबाहेर झरीची गाडी रिकामी होऊन उभी होती. ते चढले, बाजूला सरकले आणि माझ्यासाठी जागा केली.

"ये. बस. जेवून जा घरी. ती बोलंल जरा, मनावर घिऊ नको."

मी म्हणालो, मला कारखान्यात काम आहे.

काम काही नव्हतं.