चारही तेहतीस

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले, ती हौसेने नव्हे. यजमानांची फुप्फुसे निकामी होत चालली होती, आणि दर पंधरवड्याला त्यांना सीवूड्सहून वाशीच्या रुग्णालयात नेणारे घरात दुसरे कोणी नव्हते.

किल्लीसोबत त्यांनी मला हवेचा दाब मोजायचे छोटे मापक दिले. दर रविवारी, टायर थंड असताना दाब पाहायचा. कमी भरला तर पंपावर जाऊन हवा भरायची. कारखान्यातले मीटर तपासण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. "मऊ टायरवर इंजिनाला गाडी ओढावी लागते," ते थांबत थांबत म्हणाले. "जास्त पेट्रोल, जास्त धूर. तो छातीत गेला की काय होतं, ते मला विचार." हातून सुटलेल्या कामांपैकी निदान एवढे नीट चालू राहावे, अशी त्यांची इच्छा होती.

पहिल्याच रविवारी पंपावर मी गाडी इतकी लांब उभी केली की हवेची नळी पोहोचेना. मागे एपीएमसीच्या घाऊक बाजाराकडे निघालेला भाजीचा टेम्पो होता.

"ओ मावशी, गाडी लावताय का मांडव घालताय? कोथिंबीर सुकली ना इथं!" चालक ओरडला. सगळे हसले.

आयुष्यभर वर्गात शिकवूनही अनोळखी माणसांपुढे माझा आवाज फुटत नाही. हवा न भरताच मी परतले.

"किती होती?" त्यांनी विचारले.

"चारही तेहतीस." गाडीच्या दारावरच्या पट्टीवर योग्य दाब म्हणून तोच आकडा छापलेला होता.

त्यानंतर कित्येक महिने दर रविवारी मी खाली जाऊन गाडीत दहा मिनिटे नुसती बसून राही आणि वर येऊन तेहतीस म्हणे. ते मान डोलावत.

एकदा रुग्णालयातून परतताना पेट्रोल भरायला थांबलो. ते शेजारीच बसले होते. पंपावरच्या साताऱ्याकडच्या वयस्क माणसाने टायरवर बूट टेकवला.

"ताई, हवा कुठाय हिच्यात? चारी बसल्यात की!" त्याने मोजले. "एकवीस. कवा भरलीवती?"

यजमान काचेबाहेर पाहत राहिले.

घरी पोहोचल्यावर लिफ्टमध्ये ते म्हणाले, "मला ठाऊक होतं. महिनोन् महिने चारही टायर एकाच आकड्यावर? काटा हलला नाही की मीटर बंद पडलाय समजायचं, अगं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू गाडीच सोडली असतीस. मग मला कोण नेणार होतं?"

त्या वाक्यात राग नव्हता. तो असता तर मला सोसला असता.

आता त्यांच्या नाकाला दिवसभर ऑक्सिजनची नळी असते. गेल्या रविवारी मी पलंगाशी उभी राहून सांगितले, "पुढचं डावं एकोणतीस, उजवं तीस. मागचं डावं एकतीस."

"आणि चौथं?"

चौथे चाक भिंतीला लागून होते. वाकता न आल्याने ते मी सोडून दिले होते. तेहतीस हा आकडा अगदी ओठांवर आला.

"ते पाहिलं नाही," मी म्हणाले, आणि मापक घेऊन पुन्हा खाली गेले.