तोंडाने सांगता येईना तेव्हा

माझ्या सासऱ्यांना मोठ्या आतड्याचा जुना आजार आहे. आतून सूज येते, कळा येतात, दिवसातून कितीदा तरी जावं लागतं, कधी रक्तही पडतं. उभा जन्म त्यांनी भाईंदरच्या कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश केलं. सासूबाई गेल्यावर ते पूनम सागर वसाहतीत आमच्याकडे राहायला आले आणि हळूहळू घराबाहेर पडेनासेच झाले. कुठे निघालो की म्हणायचे, "तुम्ही या जाऊन. मला कंटाळा आलाय."

डॉक्टरांनी सांगितलं, किती वेळा जावं लागलं, रक्त होतं का, पोट किती दुखलं, हे रोज फोनमधल्या ॲपवर भरा. नवऱ्याची शिफ्टची नोकरी, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी चहा देताना मी विचारलं, "बाबा, आज किती वेळा?"

त्यांनी टीव्हीवरची नजर हलवली नाही. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. सुनेने हे विचारायचं आणि सासऱ्याने सांगायचं, दोघांनाही जडच होतं.

मग मी ॲप त्यांच्याच फोनवर टाकलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यात चित्रं होती. "हा थेंब म्हणजे रक्त. जास्त दुखलं की हा रडका चेहरा दाबायचा."

"हे तुला दिसतं?"

"नाही बाबा. फोन तुमचा, लॉक तुमचं. डॉक्टरांना तुम्हीच दाखवा."

त्यानंतर बाथरूममधून आले की ते खिडकीशी बसून फोनवर बोट दाबायचे. मी तिकडे बघत नसे. विचारलंच तर, "बरं चाललंय."

एका दुपारी मी भाजी चिरत होते. ते स्वयंपाकघरात आले आणि फोन उघडून ओट्यावर ठेवला. "तूच बघ. मला तोंडाने सांगवत नाही."

आठवडाभर रोज थेंब. आदल्या दिवशी चेहराही रडका. मी गॅस बंद केला आणि क्लिनिकला फोन लावला. त्यांनी लगेच बोलावलं.

रिक्षात ते हँडल घट्ट धरून बसले होते. घाम फुटला होता. मध्येच माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, जवळ कुठे संडास आहे का बघ."

"भैया, पेट्रोल पंप पे रोकना, अर्जंट है," मी म्हटलं. रिक्षावाल्याने काही न विचारता गाडी वळवली. ते आत गेले. मी त्यांची पिशवी घेऊन बाहेर उभी राहिले. मला रडू येत होतं. त्यांना एवढं होत होतं आणि मी घरातच होते.

डॉक्टर रागावले नाहीत. फोन नीट पाहिला, औषध बदललं. "वेळेत आलात, नाहीतर ॲडमिट करावं लागलं असतं," म्हणाले.

हा आजार जात नाही, आवरतो. त्यांचाही हळूहळू आवरला. परवा राई गावाहून त्यांच्या कारखान्यातल्या मित्राचं बोलावणं आलं, नातवाचं बारसं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, "त्यांच्याकडे संडास घरातच आहे ना? विचारतेस?"

मी तिथेच त्यांच्यासमोर फोन लावला. मित्राच्या बायकोने उचलला. "हाय गो, घरातच हाय," त्या म्हणाल्या. "तू पाठव त्यांना."