सुतळीच्या गाठी

खाणीतल्या तांब्याच्या दगडाचा हा ढीग आता टेकडीएवढा झालाय. त्यावर आम्लाचं पाणी सोडतात, ते तांबं घेऊन झिरपत खाली येतं. ढीग घसरेल का, हे बघायला मी महिन्यातून एकदा येतो. माथ्यावर भेग दिसली तेव्हा मी तिच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोकून मधे सुतळी ताणून बांधली होती. भेग रुंदावली की सुतळी तुटणार. दोनदा ती शाबूत दिसली आणि दोनदा मी 'उतार स्थिर' असं लिहून गेलो. आज तिच्यावरच्या गाठी दिसल्या.

"बापूराव, या गाठी कसल्या?" मी राखणदाराला विचारलं.

"सारखी तुटते, साहेब. तुम्ही यायच्या आत तुकडा लावून जोडून ठेवतो. तुमची वस्तू नीट नको राहायला?"

मला रागावताही येईना. आई फोनवर "बरी आहे रे" म्हणायची आणि मी तेवढ्यावर फोन ठेवायचो.

खाली ढिगाच्या सावलीत कामावरच्या बायका डबे सोडत होत्या. मी हात हलवून जिवाच्या आकांतानं ओरडलो. पंपांच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही. एकीनं वर बघितलं, हसली आणि हातानंच खूण केली, या जेवायला.